वेढे मोजायला शिका
(क्रोशे नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी प्रस्तावना)

क्रोशे शिकू पाहणाऱ्याला सुईपेक्षा नावे जास्त छळतात. घरातली जाणती बाई सांगते, 'इथे खांब घाल.' कपाटातल्या जुन्या इंग्रजी पुस्तिकेत त्याच जागी 'ट्रेबल' छापलेले असते. मोबाइलवरच्या व्हिडिओत तोच टाका 'डबल क्रोशे' या नावाने येतो. टाका एकच, नावे तीन. शिकणारीला मात्र वाटते की आपल्याला तीन टाके शिकायचे आहेत आणि त्यातला एकही नीट जमत नाही. या पुस्तिकेत सगळी नेहमीची नावे दिली आहेत. पण ती पाठ करण्याआधी प्रत्येक नावाच्या मागे हात काय करतो, हे कळले पाहिजे. तेवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे.

मी हे लिहिते आहे ते मरुदानल्लूरमध्ये राहून. कुंभकोणमजवळचे हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असेलच असे नाही, पण ते तसे परकेही नाही. हा मुलूख तंजावरच्या मराठी राजांचा. दुसऱ्या सरफोजींच्या काळात मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाची जी पद्धत घालून दिली, ती दक्षिणेत आजही चालते, आणि तिच्यात तेलुगू, तमिळ, संस्कृत पदांच्या बरोबरीने मराठी अभंग म्हटले जातात. मराठी घरी न बोलणारी माणसे ते अभंग चालीसकट म्हणतात. शब्दाचा अर्थ पुरता कळला नाही तरी चाल आणि ठेका हातात पक्का असतो.

क्रोशे शिकवताना मला याचाच उपयोग झाला. शेजारच्या बायकांना मुका खांब आणि अर्धा खांब यांतला फरक मराठीत सांगून काय कळणार, आणि तमिळमध्ये तो नेमका सांगण्याइतकी माझी तमिळ पुरत नाही. मग उरते ते एकच: सुईवर दोरा किती वेळा घेतला आणि किती वेळा ओढून काढला, ते बोटाने मोजून दाखवायचे. तसे दाखवले की टाका कळतो. नाव नंतर जे द्यायचे ते द्या. या पुस्तिकेतले सगळे शिक्षण मी याच रीतीवर उभे केले आहे.

इथल्या बायकांचा हात लवकर बसतो, त्याला कारणही आहे. महाराष्ट्रात गजरा बहुधा सुईदोऱ्याने ओवतात. तमिळनाडूत जुई-मोगऱ्याच्या कळ्या केळीच्या सोपाच्या तंतूने किंवा दोऱ्याने गुंफतात, एकेका जोडीला फास देत देत. डाव्या हाताच्या बोटांत तंतू ना ढिला ना ताठ असा धरायचा आणि उजव्या हाताने फास आवळायचा, ही सवय लहानपणीच लागते. क्रोशात डाव्या हाताचे काम हुबेहूब हेच आहे. करंगळीभोवती दोरा एकदा गुंडाळा, तर्जनीवरून पुढे घ्या, आणि अंगठा व मधल्या बोटाने विणलेला भाग सुईच्या अगदी जवळ धरा. नवशिक्या बायका सगळे लक्ष उजव्या हातातल्या सुईवर देतात आणि दोरा मोकळा सोडतात. टाके लहानमोठे होतात ते त्यामुळे. पहिले काही दिवस डाव्या हाताकडे बघा.

क्रोशे फार प्राचीन असावे असा अनेकांचा समज असतो. छापील पुरावा तसे सांगत नाही. क्रोशाचे छापलेले नमुने 1820 च्या दशकात हॉलंडमधल्या 'पेनेलोपे' नावाच्या मासिकात आले, म्हणजे तंजावरला सरफोजी गादीवर होते तेव्हा. 1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ झाला. तिथल्या जोगिणींनी आणि खात्यापित्या घरच्या स्त्रियांनी गरीब कुटुंबांना क्रोशाची लेस विणायला शिकवले. त्या लेसच्या विक्रीवर कितीतरी घरे तगली. आपल्याकडे ही कला पुढे मिशनऱ्यांच्या घरांतून आणि कॉन्व्हेंटच्या शाळांतून पसरली. गोव्यात तर ती घरोघर रुजली. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या नरसापूरला तिने व्यवसायाचे रूप घेतले. त्याबद्दल पुढे लिहिते.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला नागरकोइलला मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी 1819 नंतर लेसचे काम सुरू केले. पुढे त्यांची मुलगी एलायझा कॉल्डवेल हिने ते इडैयनगुडीला नेले. ती लेस उशीवर टाचण्या रोवून, अनेक दोऱ्यांच्या फिरक्या एकमेकींवरून घेत केलेली. क्रोशात फिरक्या नाहीत, टाचण्या नाहीत. एक सुई, एक दोरा, आणि टाका पुरा झाला की सुईवर एकच जिवंत फास. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर असतात, एखादा सुटला की खालपर्यंत घरंगळत जातो. क्रोशात तसे होत नाही. चुकले तर तो एक फास सुईवरून काढा, दोरा ओढा, हवे तिथपर्यंत उसवा आणि पुन्हा विणायला लागा. नवख्या माणसाला इतकी क्षमाशील कला दुसरी सापडणे कठीण.

आता सुई. तिच्या टोकाला आकडा, आकड्याखाली निमुळता घसा आणि मग सारख्या जाडीचा दांडा असतो. सुईचे जे माप मिलिमीटरमध्ये लिहिलेले असते ते दांड्याचे असते. फास घशातच ठेवून विणले तर टाका सुईच्या मापापेक्षा घट्ट येतो आणि पुढच्या ओळीत आकडा आत शिरत नाही. प्रत्येक फास दांड्यावर आणून ठेवायचा. हे एक वाक्य मला कुणी सुरुवातीला सांगितले असते तर बरे झाले असते. म्हणून इथे ते ठळकपणे सांगते.

सरकगाठ मारून सुईवर पहिला फास घेतला की दोरा सुईवरून एकदा मागून पुढे घ्यायचा. याला वेढा म्हणू. तो वेढा आकड्यात धरून फासातून बाहेर ओढला की झाली एक साखळी. सगळे क्रोशे या एका हालचालीतून जन्मते. सुईवरचा फास साखळी म्हणून मोजायचा नाही आणि सरकगाठही मोजायची नाही. साखळीच्या पुढच्या बाजूला इंग्रजी व्ही अक्षरासारखी पाने एकापुढे एक दिसतात, ती मोजा. पायाची साखळी हात घट्ट ठेवून विणली तर पुढचे सगळे काम धनुष्यासारखे वाकते. ज्यांचा हात घट्ट आहे त्यांनी पायापुरती एक नंबर मोठी सुई वापरावी.

आता खांब. खांबांचे सगळे घराणे दोन प्रश्नांत मावते: आत शिरण्याआधी सुईवर किती वेढे घेतले, आणि नंतर फास कसे काढले.

एकही वेढा न घेता सुई टाक्यात घाला, वेढा घेऊन बाहेर ओढा. सुईवर दोन फास आले. पुन्हा वेढा घ्या आणि दोन्हींतून एकदम ओढा. हा मुका खांब. त्याला उंची जवळजवळ नसते. वीण दाट येते. बटव्याला, टोपीला, भरीव बाहुल्यांना तो लागतो. आधी एक वेढा घेऊन आत शिरलात तर सुईवर तीन फास येतात. तिन्हींतून एकदम ओढले तर अर्धा खांब. तीन फासांतून एकदम न ओढता दोन-दोन करून दोनदा काढले तर पूर्ण खांब, ज्याला आपण नुसते 'खांब' म्हणतो. आधी दोन वेढे घेतले तर चार फास येतात, ते दोन-दोन करून तीनदा काढायचे. हा दुहेरी खांब. तीन वेढे घेतले की त्याहून उंच. एवढे हातात आले की कुठल्याही देशाचे पुस्तक उघडा, नाव काहीही असो, कृतीतले वेढे मोजले की टाका ओळखता येतो.

आणि हे मोजणे लागतेच, कारण इंग्लंड आणि अमेरिका यांची नावे एका पायरीने सरकलेली आहेत. आपला मुका खांब अमेरिकेत 'सिंगल क्रोशे', इंग्लंडमध्ये 'डबल क्रोशे'. आपला खांब अमेरिकेत 'डबल क्रोशे', इंग्लंडमध्ये 'ट्रेबल'. आपला दुहेरी खांब अमेरिकेत 'ट्रेबल', तर इंग्लंडमध्ये 'डबल ट्रेबल'. आपल्या घरांत सापडणाऱ्या जुन्या पुस्तिका बहुधा ब्रिटिश वळणाच्या असतात, आणि आताचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकी. त्यामुळे आजीच्या पुस्तिकेतले 'डबल क्रोशे' व्हिडिओ बघून विणले तर रुमाल दुप्पट उंच होतो आणि नक्षी कुठेच जुळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. कृतीत 'सिंगल क्रोशे' हा शब्द आला की ती कृती बहुधा अमेरिकी समजावी. कृतीबरोबर चिन्हांचा तक्ता असेल तर फारच उत्तम, कारण त्यात पूर्ण आणि त्याहून उंच खांबांच्या दांडीवर जितक्या तिरक्या रेघा तितके आधीचे वेढे. ही चिन्हे सगळीकडे जवळपास सारखीच आहेत. नुसत्या तक्त्यावरून जपानी पुस्तकातले रुमाल विणणाऱ्या बायका आहेत आणि त्यांना जपानीचे एक अक्षर येत नाही.

मला विचाराल तर मराठी नावे सोडू नका. साखळी, मुका खांब, खांब, जाळी, घर, फेरी ही नावे विणणाऱ्या बायकांच्या तोंडून आली आहेत आणि त्यांत सरकासरकी नाही. ज्या टाक्याला आपल्याकडे नाव रुळलेले नाही, उदाहरणार्थ 'स्लिप स्टिच' किंवा 'पिको', तिथे मी आहे तोच शब्द ठेवला आहे. ओढूनताणून नवा शब्द करून काही मिळत नाही.

सरळ ओळींचे विणकाम सुरू केले की आठवड्याभरात प्रत्येकीची एकच तक्रार येते: चौकोन विणायला घेतला आणि त्रिकोण झाला. याचे कारण कडेला आहे. ओळ संपवून काम उलटवले की नव्या ओळीच्या उंचीपर्यंत चढण्यासाठी साखळ्या घ्याव्या लागतात. मुक्या खांबाला एक, अर्ध्या खांबाला दोन, खांबाला तीन, दुहेरी खांबाला चार. खांबाच्या ओळीत या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरतात. म्हणून त्यांच्या अगदी बुडाशी असलेला टाका सोडून द्यायचा, आणि परत येताना शेवटचा खांब मागल्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा. तो माथा टाक्यासारखा दिसत नाही, म्हणून नवशिकी तो सोडते आणि दर ओळीला एक खांब गमावते. मुक्या खांबाची एक साखळी मात्र सहसा मोजत नाहीत, तिथे पहिल्या टाक्यातच विणायला लागायचे. प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. कंटाळा आला तरी मोजा. दहा ओळी उसवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

गोल विणताना गणित बदलते. खांबाच्या गोल रुमालाला पहिल्या फेरीत साधारण 12 खांब घ्यावेत, दुसरीत 24, तिसरीत 36, म्हणजे दर फेरीला बारांची भर. मुक्या खांबाला सहांची भर पुरते, कारण तो बुटका आहे आणि फेरीचा घेर हळू वाढतो. भर कमी पडली तर रुमालाची वाटी होते. टोपी विणताना आपल्याला तेच हवे असते. भर जास्त झाली तर कडा लाटांसारख्या उठतात, आणि झालर हवी असेल तेव्हा बायका मुद्दाम तसेच करतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी 1997 मध्ये नेमकी हीच रीत वापरली. ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवत नेऊन त्यांनी हायपरबोलिक भूमितीची, म्हणजे कडेकडे वाढत जाऊन लाटा पडणारी, प्रतले विणून दाखवली. कागदाच्या प्रतिकृती पटकन फाटत, विणलेल्या टिकल्या आणि विद्यार्थ्यांना हातात घेऊन बघता आल्या. झालर करणाऱ्या आपल्या आज्यांच्या हातात ती भूमिती होतीच, हे मी अभिमानाने सांगते.

जाळीकामावर मात्र मराठी घरांचा खास जीव. एक खांब, दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब, की एक रिकामे घर झाले. साखळ्यांच्या जागी दोन खांब भरले की भरलेले घर. मग चौकडीच्या कागदावर जे रंगवता येईल ते विणता येते: मोर, राजहंस, कलश, स्वस्तिक, दारावरच्या तोरणातली 'सुस्वागतम्'ची अक्षरे. रुखवतात मांडलेले ताटावरचे रुमाल, देवापुढची आसने, महिरपी या एका युक्तीतून निघाल्या. अननसाचा नमुना त्यापुढचा. एकाच घरात बरेच खांब घालून बूड करायचे आणि वर साखळीच्या कमानी दर ओळीला एकेक कमी करत टोक काढायचे. तो दिसायला अवघड आणि विणायला सोपा आहे. जाळी जमली की लगेच घ्या. शंख, पिको, पॉपकॉर्न यांच्या कृती आत सविस्तर दिल्या आहेत, इथे त्यांत शिरत नाही.

दोऱ्याबद्दल थोडे. कावेरीकाठच्या दमट उन्हाळ्यात लोकर हातात धरवत नाही, घामाने ती सुईवर अडते. कोकण-गोव्यातही तीच गत. सुती दोरा घ्या. दोऱ्याच्या गुंडीवर 10, 20, 40 असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. पोलादी सुयांच्या जुन्या नंबरांचेही तसेच, मोठा नंबर म्हणजे बारीक सुई. म्हणून खरेदी करताना मिलिमीटरचे माप विचारावे. मराठी बायका ज्या 'अँकर'च्या गुंड्या वर्षानुवर्षे आणत आल्या, त्या दोऱ्याच्या मदुरा कोट्स कंपनीची मुळे तमिळनाडूतच, मदुरेच्या आणि ताम्रपर्णीकाठच्या पापनाशमच्या गिरण्यांत आहेत. शिकताना मात्र बारीक पांढरा दोरा घेऊ नका. जाडसर, फिक्या रंगाचा, घट्ट पिळाचा दोरा आणि तीन-साडेतीन मिलिमीटरची सुई घ्या. काळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत.

याच तमिळनाडूत, चेन्नईला, 31 जानेवारी 2016 रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने तोवरची जगातली सर्वांत मोठी क्रोशाची गोधडी मांडली. 11,148.5 चौरस मीटर, गिनीज बुकात नोंदलेली. घरोघरी विणलेले तुकडे जोडून ती केली होती. असे काम जमायचे तर प्रत्येकीच्या हाताचे माप जुळावे लागते. म्हणून कुठल्याही मोठ्या कामाआधी चार इंचांचा चौरस नमुना विणून टाके आणि ओळी मोजाव्यात. टाके जास्त भरले तर सुई मोठी घ्या, कमी भरले तर लहान. बहुतेकजणी हे टाळतात आणि मग स्वेटर पाहुण्याच्या अंगाला बसेल असा होतो.

शेवटी जे लिहिते आहे ते टाक्यांविषयी नाही, पण मला ते टाक्यांइतकेच महत्त्वाचे वाटते. क्रोशाचे खरे टाके विणणारे यंत्र अजून कारखान्यांत वापरात आलेले नाही. कापडबाजारात 'क्रोशे' म्हणून मिळणारी यंत्राची लेस वेगळ्या विणीची असते. म्हणजे जगात कुठेही, कितीही स्वस्तात मिळालेला खरा क्रोशाचा तुकडा कुणीतरी हाताने विणलेला आहे. नरसापूरच्या क्रोशे-लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण त्याच गावच्या लेस करणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांनी 1982 मध्ये पुस्तक लिहिले आणि दाखवून दिले की जगाच्या बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या बायकांना 'घरबसल्या वेळ घालवणाऱ्या गृहिणी' ठरवले जाते आणि त्या नावाखाली त्यांची मजुरी खाली ठेवली जाते. आपल्या घरांतही हेच चालते. 'काय, रिकाम्या वेळात विणलेस ना?' असे म्हणून तोरणाची किंमत दोऱ्याच्या किमतीवर ठरवली जाते. हे मला मान्य नाही. तुम्ही विकायला विणणार असाल तर पहिल्या तोरणापासून तास लिहून ठेवा, दोऱ्याच्या पैशात तासांचे पैसे मिळवा आणि तो आकडा न अडखळता सांगा. भेट द्यायची असेल तर आनंदाने द्या, पण विक्रीला भेटीचा भाव लावू नका. दुसऱ्या बाईने विणलेले विकत घेताना घासाघीसही करू नका.

आता पान उलटा. पहिला सराव 23 साखळ्यांचा आहे: सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक धरून ओळीत एकवीस खांब व्हायला हवेत. दहा ओळी विणा, प्रत्येक ओळीत एकवीसच मोजा. दोन्ही कडा सरळ आल्याशिवाय पुढचा धडा घेऊ नका.